पहिल्या डावाचे भाकीत : एका लेखनप्रकाराची चिकित्सा

बेसबॉलच्या सामन्यातील पहिल्या डावात एखादी तरी धाव होईल की नाही, एवढ्या एकाच प्रश्नावर पैज घेण्याचा प्रघात अमेरिकेत अलीकडे चांगलाच रुळला आहे. ‘पहिल्या डावात धाव नाही’ ह्या अर्थाच्या इंग्रजी शब्दांच्या आद्याक्षरांवरून तिकडे ह्या पैजेस ‘नर्फी’ म्हणतात. उलट बाजूची पैज ती ‘यर्फी’. क्रीडा-पैजांवरील १९९२ चा संघीय निर्बंध अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १४ मे २०१८ रोजी घटनाविरोधी ठरविला. तेव्हापासून एकामागून एक राज्यांनी हा व्यवहार कायदेशीर केला, आणि पैजांचे प्रकार जसे वाढले तसे त्यांविषयी भाकिते करणारे लेखनही वाढले. रोज सकाळी त्या दिवसाच्या सामन्यांची यादी घ्यावयाची, प्रत्येक सामन्याचे दोन पिचर, दोन्ही संघांचे आघाडीचे फलंदाज, मैदान, वारा ह्यांविषयीचे आकडे मांडावयाचे आणि अखेरीस ‘धाव होईल’ किंवा ‘होणार नाही’ असा कौल द्यावयाचा, हा ह्या लेखनाचा ठराविक साचा होय.

विद्यापीठीय चिकित्सेने ह्या लेखनाची दखल का घ्यावी, असा प्रश्न सहजच उपस्थित होईल. त्याचे उत्तर असे की, हे लेखन स्वतःस ज्योतिष म्हणवीत नाही. अनुमान म्हणवून घेते. शेकडेवारी, सरासरी, नमुना, संभाव्यता ही संख्याशास्त्राची परिभाषा ते सर्रास वापरते आणि त्या परिभाषेच्या भरवशावर वाचकाने पैसा लावावा अशी अपेक्षा धरते. तेव्हा अनुमानाच्या ज्या कसोट्या इतरत्र लावल्या जातात त्या येथेही लावणे प्राप्त आहे. शिवाय ह्या विषयाला एक संयत अशी शास्त्रीय परंपरा आहे. आजच्या भाकितांचे तिच्याशी नाते वारसाचे आहे की केवळ तिची वस्त्रे अंगावर घालणाऱ्याचे, हे पाहणे अगत्याचे ठरते.

प्रथम खेळाची रचना ध्यानात घेतली पाहिजे. बेसबॉलचा सामना नऊ डावांचा असतो. प्रत्येक डावाचे दोन अर्ध असतात. पहिल्या अर्धात पाहुणा संघ फलंदाजी करतो, दुसऱ्यात यजमान संघ, आणि तीन फलंदाज बाद झाले की अर्धडाव संपतो. नऊ फलंदाजांचा क्रम सामन्यापूर्वी जाहीर होतो व तो चक्राकार चालतो; म्हणजे एका डावात पाचवा फलंदाज शेवटी बाद झाला तर पुढच्या डावाचा आरंभ सहाव्याने होतो. क्रिकेटच्या वाचकास ही गोष्ट थोडी अपरिचित वाटेल, कारण तेथे डाव प्रत्येक वेळी सलामीच्या जोडीपासूनच सुरू होतो. बेसबॉलमध्ये मात्र क्रमाच्या माथ्यापासून निश्चितपणे सुरू होणारा डाव एकच, तो पहिला. दुसऱ्या डावाची सुरुवात कोण करील हे पहिला डाव संपेपर्यंत कोणासही सांगता येत नाही. पहिल्या डावात मात्र कोणते तीन फलंदाज कोणत्या पिचरपुढे उभे राहणार हे सामन्याच्या काही तास आधीच माहीत असते. भाकीत करणाऱ्यास हा डाव आकर्षक वाटतो तो ह्याच कारणाने, आणि इतके मान्य केले पाहिजे की हे आकर्षण निराधार नाही.

ह्या वैशिष्ट्याची पहिली काटेकोर नोंद करणाऱ्यांत जॉर्ज लिंडसे ह्या कॅनेडियन अभ्यासकाचे नाव घ्यावे लागते. लिंडसे हे संरक्षणखात्यात काम करणारे संशोधक. त्यांचे वडील चार्ल्स लिंडसे ह्यांनी शेकडो सामन्यांच्या तपशीलवार नोंदी स्वहस्ते करून ठेवल्या होत्या, आणि पुत्राच्या संशोधनास त्या नोंदींचा मोठा आधार मिळाला. १९६१ साली अमेरिकन सांख्यिकी संस्थेच्या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधात प्रश्न असा होता : सारेच अर्धडाव नियमांच्या दृष्टीने एकसारखे सुरू होत असल्यामुळे संपूर्ण सामना म्हणजे एकाच पेटीतून पुनःपुन्हा काढलेल्या चिठ्ठ्या, असे मानता येईल काय? उत्तर बव्हंशी होकारार्थी निघाले, परंतु आरंभीच्या डावांविषयी अपवाद करावा लागला. पहिल्या डावात सरासरीहून अधिक धावा होतात व दुसऱ्यात कमी, असे त्यांना आढळले. ह्याचे कारण फलंदाजीच्या क्रमात आहे. संघाचे उत्तम फलंदाज क्रमाच्या माथ्यावर असतात. ते पहिल्या डावात येऊन गेले की दुसऱ्या डावाच्या वाट्यास बहुधा क्रमाचे शेपूट येते.

१९६३ साली ‘ऑपरेशन्स रिसर्च’ ह्या नियतकालिकात आलेला लिंडसे ह्यांचा दुसरा निबंध अधिक प्रसिद्ध आहे. बेसवर कोण आहे आणि किती बाद झाले आहेत, ह्यांच्या मिळून २४ अवस्था होतात. प्रत्येक अवस्थेपासून पुढे अर्धडाव संपेपर्यंत किती धावा होतात ह्याचे कोष्टक त्यांनी दिले. कोणी बाद नाही आणि बेस रिकामे आहेत, अशा आरंभीच्या अवस्थेपासून त्यांच्या सामग्रीत सरासरी ०.४६१ धाव झालेली दिसते, आणि एकही धाव न होण्याची संभाव्यता ०.७४७ दिसते. दोन्ही अर्ध परस्परांपासून स्वतंत्र मानले तर संपूर्ण डाव कोरडा जाण्याची संभाव्यता ह्या आकड्याच्या वर्गाइतकी, म्हणजे सुमारे ०.५५८ येते.

आजच्या भाकितांचा मूळ आराखडा हाच आहे, मग लिहिणाऱ्याने लिंडसे ह्यांचे नाव ऐकलेले असो वा नसो. आणि नेमका येथेच पहिला दोष शिरतो. ०.७४७ हा आकडा सर्व डावांचा मिळून आहे. त्यात दुसऱ्या डावाचे शेपूट आहे, आणि त्या काळी नवव्या क्रमांकावर येणारा, फलंदाजीत बहुधा कच्चा असलेला पिचरही आहे. अमेरिकन लीगने १९७३ साली पिचरच्या जागी केवळ फलंदाजी करणारा खेळाडू घेण्याची मुभा दिली व २०२२ पासून ती नॅशनल लीगमध्येही लागू झाली. लिंडसे ह्यांच्या कोष्टकात सारे फलंदाज सरासरीचे मानलेले आहेत. डावपेचांच्या चर्चेपुरते ते गृहीतक सोयीचे होते. पण ज्या एका डावात ते हमखास खोटे ठरते तो पहिला डावच होय, आणि ही गोष्ट लिंडसे ह्यांनीच दोन वर्षे आधी दाखवून दिली होती. म्हणून सर्वसाधारण अर्धडावाचा आकडा उचलून पहिल्या डावास चिकटविणे हे गैर आहे. पहिल्या डावाकरिता कोरड्या अर्धडावाची संभाव्यता त्याहून काहीशी कमी धरावयास हवी. पुढील विवेचनापुरती ती ०.७२ मानली तर संपूर्ण डाव कोरडा जाण्याची संभाव्यता सुमारे ०.५२ येते. म्हणजे प्रश्न जवळजवळ नाणेफेकीचा आहे. ह्या विषयावरील लेखनात जो ठामपणा आढळतो तो ह्या एका आकड्यापुढे ठेवून पाहावा.

पहिल्या डावात धावा अधिक का होतात, ह्या प्रश्नातही एक गुंता आहे. सर्वसाधारण भाकितकार असे सांगतो की पिचर आरंभी ‘थंड’ असतो, त्याला हात बसावयास वेळ लागतो. तसे काही अंशी असूही शकेल. परंतु टॉम टँगो, मिचेल लिक्टमन व अँड्र्यू डॉल्फिन ह्यांनी ‘द बुक’ ह्या ग्रंथात उलट दिशेचा परिणाम विस्ताराने दाखविला आहे : एकाच पिचरला फलंदाज जितक्या वेळा सामोरा जातो तितका तो त्याला अधिक चांगला ओळखू लागतो, आणि पहिल्या फेरीत पिचरचे पारडे जड असते. पहिला डाव म्हणजे अर्थातच पहिली फेरी. तेव्हा पिचरला लाभदायक अशी अनोळख आणि त्याला जाचक असा फलंदाजांचा क्रम ही दोन बले एकाच डावात परस्परविरुद्ध ओढत असतात. धावांचे प्रमाण अधिक दिसते ते क्रमाचा जोर अनोळखीच्या जोरास मागे टाकतो म्हणून. हे पृथक्करण न करता केवळ ‘पहिल्या डावातील सरासरी’ सांगणे म्हणजे वजाबाकीचे उत्तर सांगून दोन्ही संख्या लपविण्यासारखे आहे.

टॅम्पा बेच्या संघाने १९ मे २०१८ रोजी जो प्रयोग केला तो ह्या पृथक्करणाचेच व्यवहारातले रूप होय. एरवी सामन्याच्या शेवटाकडे येणारा सर्जिओ रोमो ह्यास त्यांनी लॉस एंजेलिसच्या एंजल्स संघाविरुद्ध आरंभासच पाठविले. त्याने पहिल्या डावात तिन्ही फलंदाजांना स्ट्राइकआउट केले आणि मग नेहमीचा लांब पल्ल्याचा पिचर आला. हेतू उघड होता : प्रतिस्पर्ध्याचे सर्वोत्तम फलंदाज निश्चितपणे ज्या डावात येतात त्या डावासाठी खास माणूस ठेवावा आणि मुख्य पिचरची गाठ त्या फलंदाजांशी एक फेरी कमी पडावी. ‘ओपनर’ ह्या नावाने ही युक्ती पुढे अनेकांनी उचलली. जे ज्ञान भाकितकार पैजेसाठी वापरू पाहतो तेच संघचालक सामन्यासाठी वापरतो, आणि त्याने ते वापरले की भाकिताची जुनी सामग्री निकामी होते. हवामानाच्या भाकिताने पाऊस बदलत नाही. येथे मात्र ज्याच्याविषयी भाकीत करावयाचे तो स्वतःच तेच आकडे वाचीत बसलेला असतो.

आता ह्या लेखनातील नित्याचे पुरावे एकेक पाहू जाता प्रथम येतो तो पिचरचा अलीकडचा पहिल्या डावापुरता इतिहास. ‘गेल्या १० सामन्यांपैकी ९ मध्ये ह्याने पहिल्या डावात धाव दिलेली नाही’ हे वाक्य अशा स्तंभांत इतक्या वेळा येते की ते ह्या लेखनप्रकाराचे ध्रुवपदच म्हणावे. ह्या वाक्याची किंमत किती? प्रत्येक पिचर अगदी सरासरीचा आहे व कोरड्या अर्धडावाची संभाव्यता सर्वांची ०.७२ आहे असे मानले तरी १० पैकी ९ किंवा अधिक वेळा कोरडा डाव जाण्याची संभाव्यता सुमारे ०.१८ येते. तीस संघांचे प्रत्येकी पाच आरंभीचे पिचर धरले तर १५० जणांपैकी सुमारे २७ जणांच्या नावावर केवळ योगायोगाने असा इतिहास कोणत्याही दिवशी जमा असणार. स्तंभलेखकास रोज लिहिण्यास पुरेल इतका हा साठा आहे. ज्याचा इतिहास तसा नाही त्याचा उल्लेखच होत नाही, म्हणून वाचकास ही निवड दिसत नाही. आरंभीचा पिचर संपूर्ण हंगामात सुमारे ३० सामने खेळतो. म्हणजे त्याचे पहिले डाव ३० च होतात. ३० डावांवरून एखाद्याचा पहिल्या डावापुरता स्वभाव ठरविणे हे धाडस आहे.

ह्याउलट त्या पिचरने हंगामभर शेकडो फलंदाजांना टाकलेल्या चेंडूंचा हिशेब उपलब्ध असतो. व्होरोस मॅक्रॅकन ह्यांनी २००१ साली असे मांडले की, मैदानात टोलविला गेलेला चेंडू झेलला जाईल की फटका यशस्वी होईल ह्यावर पिचरचे नियंत्रण समजले जाते त्याहून फारच थोडे असते. त्याची खरी ओळख स्ट्राइकआउट, वॉक आणि होमरन ह्या तीन गोष्टींतून होते. पुढील संशोधनाने ह्या मताला थोडीफार मुरड घातली, तरी त्याचा गाभा टिकला आहे. पहिल्या डावाचे भाकीत करावयाचे असेल तर पहिल्या डावांचा इतिहास बाजूस ठेवून ह्या तीन गोष्टींचे सबंध हंगामाचे प्रमाण घ्यावे आणि ते त्या विशिष्ट चार-पाच फलंदाजांशी ताडून पाहावे, हे अधिक शास्त्रशुद्ध. विचित्र वाटेल, परंतु पहिल्या डावाविषयी सर्वांत कमी सांगणारा पुरावा म्हणजे पहिल्या डावाचाच आकडा.

भाकित खरे ठरले म्हणजे त्यामागचे कारणही खरे होते, हा दुसरा समज तपासण्यासारखा आहे. आघाडीचे तीन फलंदाज प्रत्येकी १०० पैकी ३३ वेळा बेसवर पोहोचतात असे समजू. चांगल्या फलंदाजांच्या बाबतीत हे प्रमाण वाजवी आहे. मग तिघेही बेसवर न पोहोचता परतण्याची संभाव्यता ०.६७ चा घन, म्हणजे ०.३० च्या आसपास येते. परंतु कोरड्या अर्धडावाची संभाव्यता तर ०.७२ धरली आहे. ह्याचा अर्थ असा की, कोरड्या अर्धडावांपैकी निम्म्याहून अधिक, जवळजवळ ५८ टक्के, असे असतात की ज्यांत कोणीतरी बेसवर पोहोचलेला असतो आणि तेथेच अडकतो अथवा बाद होतो. दोन फटके लागोपाठ बसले तर धाव होते. तेच फटके दोन बादांच्या अलीकडे-पलीकडे विखुरले तर होत नाही. फटक्यांची संख्या पिचरच्या व फलंदाजांच्या कौशल्यावर अवलंबून असेल, त्यांचा अनुक्रम मात्र बव्हंशी योगायोगाच्या हाती असतो. भाकितकाराच्या यशाचा मोठा भाग ह्या अडकलेल्या धावपटूंवर उभा असतो, आणि दुसऱ्या दिवशीच्या स्तंभात त्या धावपटूंचा उल्लेख क्वचितच येतो.

अमुक फलंदाजाने तमुक पिचरविरुद्ध पूर्वी १२ पैकी ५ फटके मारले, अशा प्रकारच्या पुराव्याविषयी अधिक लिहिण्याचे कारण नाही; बारा हा नमुना नव्हे. मैदान व हवा ह्यांची गोष्ट वेगळी आहे. डेन्व्हरचे कुअर्स फील्ड समुद्रसपाटीपासून सुमारे १,६०० मीटर उंचीवर आहे. विरळ हवेत चेंडू दूर जातो आणि त्याची वळणे मंदावतात. तेथे २००२ पासून चेंडू आर्द्रता राखणाऱ्या कपाटात ठेवतात, तरीही ते मैदान धावांचेच राहिले. शिकागोच्या रिग्ली फील्डवर वाऱ्याची दिशा पाहून सामन्याचा अंदाज बदलतो. ही कारणे खरी आहेत. त्यांचा उल्लेख करण्यात दोष नाही. दोष आहे तो ती जणू भाकितकारासच ठाऊक आहेत अशा आविर्भावात. डेन्व्हरची उंची पैज घेणाऱ्या पेढीसही माहीत असते आणि तिने लावलेल्या भावात ती आधीच मोजलेली असते.

भाव हाच ह्या लेखनातील सर्वांत दुर्लक्षित विषय होय. अमेरिकन पद्धतीप्रमाणे उणे ११० हा भाव असेल तर १०० डॉलर जिंकण्यासाठी ११० डॉलर लावावे लागतात. दोन्ही बाजूंना तोच भाव असला तर पैज लावणाऱ्यास केवळ बरोबरीत राहण्यासाठी १०० पैकी ५२.४ वेळा बरोबर यावे लागते. भाव उणे १२० असला तर ५४.५ वेळा. वर धरलेली ०.५२ ची संभाव्यता खरी असेल आणि कोणी रोज उणे १२० ने ‘धाव नाही’ ही बाजू घेत गेला, तर त्याचे भाकीत निम्म्याहून अधिक वेळा खरे ठरेल आणि तरीही प्रत्येक १०० डॉलरमागे सरासरी पावणेपाच डॉलरच्या आसपास तो गमावील. ‘गेल्या महिन्यात आमची ५३ टक्के भाकिते बरोबर आली’ ही जाहिरात भावाशिवाय वाचली तर यशाची वाटते. भाव शेजारी ठेवला की ती तोट्याची कबुली ठरते. लिंडा व बिल वुडलँड ह्यांनी १९९४ साली ‘जर्नल ऑफ फायनान्स’मध्ये बेसबॉलच्या पैजबाजाराचा अभ्यास प्रसिद्ध केला. तो सामन्याच्या निकालावरील पैजांपुरता होता. पण त्यातही भावांत थोडी एकतर्फी चूक दिसत असून पेढीचे अडत वजा जाता तिच्यावर नफा मिळविणे दुरापास्त होते, असाच निष्कर्ष होता. अडत ही ह्या बाजारातील एकमेव निश्चित धाव म्हणावयास हरकत नाही.

यशाचे मोजमाप कसे करावे, हा प्रश्न ह्या क्षेत्राबाहेर कधीच सुटलेला आहे. ग्लेन ब्रायर ह्या हवामानशास्त्रज्ञाने १९५० साली संभाव्यतेच्या भाषेत केलेल्या भाकितांसाठी एक माप सुचविले : वर्तविलेली संभाव्यता आणि घडलेली गोष्ट (घडली तर १, न घडली तर ०) ह्यांतील अंतराचा वर्ग घ्यावा व त्याची सरासरी काढावी, ती जितकी लहान तितके भाकीत चांगले. हे माप येथे लावून पाहिले म्हणजे विषयाची मर्यादा डोळ्यांत भरते. जो मनुष्य काहीही न पाहता प्रत्येक सामन्यास ०.५२ असे सांगत राहील त्याचे माप ०.२४९६ येईल. आता एक सर्वज्ञ भाकितकार कल्पावा. निम्म्या सामन्यांत खरी संभाव्यता ०.४२ व निम्म्यांत ०.६२ आहे, आणि कोणता सामना कोणत्या गटातला हे त्यास अचूक ठाऊक आहे. त्याचे माप ०.२३९६ येईल. सर्वज्ञ आणि अज्ञ ह्यांच्यातील अंतर एक शतांश! पैजेच्या दृष्टीने हे अंतर क्षुल्लक नव्हे, हेही खरे; परंतु ते ओळखावयास फार मोठा नमुना लागतो. संपूर्ण हंगामात २,४३० सामने होतात. त्यांतून निवडून १,००० भाकिते केली तरी केवळ योगायोगाने होणारी चढउतार सुमारे दीड टक्क्याची असते. ५५ टक्के यश मिळविणारा खरा जाणकार आणि ५२ टक्क्यांवर असलेला नशीबवान ह्यांत एका हंगामाने निवाडा होणे कठीण. महिन्याभराच्या यशावरून वर्गणी मागणाऱ्यांची गोष्टच नको.

असे असता ह्या लेखनाची भाषा मात्र निश्चयाची असते. खात्रीच्या पैजेस तेथे ‘लॉक’ म्हणतात. जणू कुलूप लागले. एकीकडे ५८.३ टक्के असा दशांशापर्यंतचा आकडा द्यावयाचा आणि दुसरीकडे कुलूप लावावयाचे, ही विसंगती लेखकास जाणवत नाही, आणि बहुधा वाचकासही नको असते. दशांश हा येथे मोजमापाचा भाग नसून अलंकार आहे. मुंबईतील आकड्याच्या जुगाराशी परिचय असलेल्यास ही भाषा ओळखीची वाटेल. तो जुगार मुळात न्यूयॉर्कच्या कापूस-बाजारातील उघडत्या व मिटत्या भावांवर चाले. तारेने येणाऱ्या त्या आकड्यांची जागा पुढे चिठ्ठ्यांनी व पत्त्यांनी घेतली, तरी ‘ओपन’ आणि ‘क्लोज’ हे शब्द टिकले. मागल्या आकड्यांचे तक्ते मांडून उद्याचा ओपन सांगणारे तेथेही होते. फरक एवढा की, मडक्यातून निघणाऱ्या चिठ्ठीस पूर्वेतिहास नसतो, बेसबॉलच्या पिचरला असतो. तक्त्याची पद्धत मात्र दोहोंकडे एकच, आणि जेथे थोडे ज्ञान शक्य आहे तेथेही तक्ता ज्ञानाची जागा घेऊन बसतो, ही बेसबॉलच्या भाकितांविषयीची खरी तक्रार आहे.

आतापर्यंतच्या विवेचनात एक गृहीतक न बोलता मानले गेले : पहिल्या डावात जे घडते ते खेळाडूंच्या प्रामाणिक प्रयत्नांतून घडते. बेसबॉलचा इतिहास पाहता हे गृहीतक सर्वस्वी निर्धोक नाही. १ ऑक्टोबर १९१९ रोजी सिनसिनाटी येथे जागतिक मालिकेचा पहिला सामना झाला. पहिल्या डावाच्या उत्तरार्धात शिकागो व्हाइट सॉक्सचा पिचर एडी सिकॉट ह्याने सिनसिनाटीच्या पहिल्याच फलंदाजास, मॉरी रॅथ ह्यास, चेंडू मारला. मालिका हरण्याचा सौदा पक्का आहे, अशी जुगाऱ्यांना दिलेली ती खूण होती असे पुढे उघडकीस आले. रॅथने त्याच डावात धाव पुरी केली आणि शिकागोने तो सामना १ विरुद्ध ९ धावांनी गमावला. १९२१ साली न्यायालयातील पंचांनी खटला चाललेल्या खेळाडूंना निर्दोष ठरविले, परंतु आयुक्त लँडिस ह्यांनी आठही खेळाडूंना जन्मभरासाठी बहिष्कृत केले. मे २०२५ मध्ये दिवंगत खेळाडूंवरील असे बहिष्कार उठविण्यात आले, तोवर आठांपैकी कोणीही हयात नव्हता. त्या दिवशी पहिल्या डावात धाव होईल असे भाकीत कोणी पिचरच्या कामगिरीवरून केले असते तर ते चुकीच्या कारणाने बरोबर आले असते.

१९१९ च्या सौद्यास आठ खेळाडू लागले, कारण विकावयाचा होता तो संपूर्ण मालिकेचा निकाल. पैजेचा विषय जितका लहान तितकी कटास लागणारी माणसे कमी. सामना हरण्यासाठी अनेकांचे संगनमत हवे. एका डावात धाव देण्यास एक पिचर पुरतो. एक चेंडू मुद्दाम बाहेर टाकण्यास तर सामन्याच्या निकालावर परिणामही होत नाही आणि टाकणाऱ्याचे मनही फारसे खात नसावे. ‘आरंभीच्या धावे’ची भाकिते करणाऱ्या लेखनात ही बाब कोठेही आढळत नाही, हे त्याचे सर्वांत गंभीर न्यून म्हटले पाहिजे, कारण लहान घटनांवरील पैजेची मागणी वाढविणे हेच त्याचे नित्याचे कार्य आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये क्लीव्हलँड संघाच्या दोन पिचरांवर न्यूयॉर्क येथील संघीय अभियोक्त्यांनी आरोप ठेवले. ठराविक चेंडू कसे टाकावयाचे हे पैज लावणाऱ्यांशी आधीच ठरवून त्यांना लाभ करून दिला, असे त्या आरोपांचे स्वरूप होते, आणि दोघांनीही ते नाकारले. आरोप प्रसिद्ध होताच मेजर लीग बेसबॉलने पेढ्यांशी झालेला करार जाहीर केला : एका चेंडूवरील पैजेस २०० डॉलरची मर्यादा घालण्यात आली आणि अशा पैजा इतर पैजांशी जोडून लावण्यास बंदी करण्यात आली. पहिल्या डावातील धावेवरची पैज एका चेंडूवरची नव्हे, एका डावावरची आहे. म्हणून त्या मर्यादेत ती आली नाही.